विडाल पॉझिटिव्ह, टीबी निगेटिव्ह

परवा सकाळी देवगाव फाट्यावर सेलूच्या गाडीची वाट बघत उभा होतो. शेजारी एक ताई, कडेवर चार-पाच वर्षांचं लेकरू, हातात कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेला रिपोर्ट. सहज विचारलं, काय झालं लेकराला?

"टायफाईड निघाला, भाऊ."

ताप कधीपासून आहे?

"परवापासून."

म्हणजे तिसऱ्याच दिवशी टायफॉईड 'निघाला'. मी डॉक्टर नाही आणि तेवढ्यात गाडीही आली, म्हणून गप्प बसलो. पण गाडीत बसल्यावर राहवलं नाही. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण वाचा.

आपल्याकडं टायफॉईड 'होत' नाही बघा, तो 'निघतो'. खडकाळ विहिरीत पाणी निघावं तसा. लॅबवाला रक्त काढतो, तासाभरात कागद देतो आणि तापाला नाव मिळतं. नाव मिळालं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सलाईन लागतं, इंजेक्शनं सुरू होतात, पाहुणे नारळपाणी घेऊन येतात. या कागदावरची टेस्ट म्हणजे विडाल. ती आली कुठून, तिचं काम काय होतं आणि आता ती काय करतेय, हे मी शोधायला लागलो ते आमच्या मामांमुळं.

मामांची २०१० सालची फाईल अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे. त्या पावसाळ्यात मामांना संध्याकाळचा ताप यायला लागला. बारीक ताप, अंग मोडून यायचं, थोडा खोकला. फाट्यावर रक्त तपासलं. विडाल पॉझिटिव्ह, ओ १:१६०. दहा दिवस गोळ्या-इंजेक्शनं झाली आणि मामांना बरं वाटलं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा ताप. पुन्हा विडाल, पुन्हा पॉझिटिव्ह. "टायफाईड उलटला" म्हणाले. पुन्हा कोर्स. सप्टेंबरपर्यंत मामांचं धोतर कमरेला टिकेना, इतके वाळले. तेव्हा एकाला शंका आली आणि त्यानं रक्तातून टीबीची टेस्ट करायला सांगितली. महागाची होती, नमुना बाहेरगावी पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट आला: टीबी निगेटिव्ह. मामीनं मारुतीला नारळ फोडला. त्यानंतर तिसरी विडाल झाली, तीही पॉझिटिव्ह.

ऑक्टोबरात सरकारी दवाखान्यात कुणीतरी मामांना डबी दिली आणि सांगितलं, सकाळचा बेडका घेऊन या. एक पैसा लागला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचे जंतू दिसले, थोडेथोडके नाहीत, थ्री प्लस.

सहा महिन्यांच्या औषधांनी मामा बरे झाले. पण त्या तीन महिन्यांत त्यांचा नातू रोज त्यांच्याच कुशीत झोपत होता. पुढच्या वर्षी त्याच्या मानेला गाठी आल्या. तोही टीबीच. तोही बरा झाला, पण सहा वर्षांच्या लेकरानं सहा महिने गोळ्या खाल्ल्या.

कुठल्या लॅबवर किंवा डॉक्टरवर राग काढायला हे लिहीत नाही. नावं मी तेव्हाही छापली नाहीत, आताही लिहिणार नाही. माझा प्रश्न त्या दोन कागदांबद्दल आहे. एक कागद नसलेला रोग आहे म्हणाला, दुसरा असलेला रोग नाही म्हणाला. दोन्ही कागदांवर शिक्का होता, आकडे होते आणि 'नॉर्मल रेंज' होती.

आता थोडा इतिहास. १८८० साली कार्ल एबर्थ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला टायफॉईडचा जंतू दिसला आणि १८८४ साली गाफ्की यांनी तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पण तापानं पडलेल्या माणसाला टायफॉईडच आहे हे ओळखायचं कसं? १८९६ साली व्हिएन्नात ग्रूबर आणि डरहॅम यांच्या लक्षात आलं की विशिष्ट जंतूंविरुद्ध तयार झालेला रक्ताचा द्रव त्याच जंतूंत मिसळला की जंतूंचे पुंजके होतात, दूध नासल्यासारखे. त्याच वर्षी पॅरिसच्या फर्नांड विडाल यांनी ही गोष्ट उलटी वापरली. जंतू ओळखीचा घ्यायचा, रक्त आजाऱ्याचं घ्यायचं, पुंजके झाले तर टायफॉईड. टेस्टला त्यांचंच नाव पडलं.

त्या काळात हा मोठा शोध होता, यात वाद नाही. त्याच सुमारास, १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात, इंग्रजांचे जितके सैनिक गोळीनं मेले त्याहून जास्त रोगांनी मेले आणि त्यात टायफॉईड सगळ्यात पुढं होता. रक्ताच्या थेंबावरून या रोगाचा अंदाज येणं ही तेव्हा चैन नव्हती.

विडालच्या दुसऱ्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ ला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला. परभणी तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होती, म्हणून हा शोध मला उगाच घरचा वाटतो. रॉस यांचं नाव इथं काढायला कारण आहे. त्यांनी डोळ्यांनी जंतू बघितला. मलेरियाच्या काचपट्टीत जंतू दिसतो, बेडक्यात टीबीचा जंतू दिसतो. विडालमध्ये जंतू दिसत नाही. जंतूशी लढायला शरीरानं जे तयार केलं ते दिसतं. कोरोनानंतर अँटीबॉडी हा शब्द फाट्यावरच्या पानवाल्यालाही माहीत झालाय, तेच ते. चोर पकडणं वेगळं आणि अंगणात पावलं दिसणं वेगळं. पावलं चोराची असतील, गेल्या वर्षीच्या चोराची असतील, नाहीतर शेजाऱ्याची असतील.

पॅरिसमध्ये बहुतेकांच्या अंगणात पावलं नसायची, म्हणून दिसली की अर्थ लागायचा. आपल्याकडं काय आहे? नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि ड्रेनेज, पाईपलाईन एकाच नालीतून जाते. टायफॉईडच्या जंतूशी आणि त्याच्या भाऊबंदांशी आपल्या शरीराची गाठ कधी ना कधी पडलेलीच असते. भारतात निरोगी रक्तदात्यांवर जे अभ्यास झाले, त्यात धडधाकट माणसांच्या रक्तातसुद्धा १:४०, १:८० पर्यंत विडाल निघते. १:८० चा अर्थ इतकाच की द्रव ऐंशी पट पातळ केला तरी पुंजके दिसले. लस घेतली असली, मलेरिया झाला असला, दुसरा एखादा ताप येऊन गेला असला, तरी आकडा चढू शकतो.

उलटंही होतं. अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, त्या साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी दिसायला लागतात. तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली विडाल तापाबद्दल जवळपास काहीच सांगू शकत नाही. पुढं जाऊन बघा, जिथं रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉईड पक्का झालाय अशा रुग्णांतही ३० टक्क्यांपर्यंत विडाल निगेटिव्ह येऊ शकते. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या टायफॉईडवरच्या दस्तऐवजात आहे.

पुस्तकातली खरी पद्धत अशी: रक्त दोनदा घ्यायचं, मध्ये सात ते दहा दिवस जाऊ द्यायचे, परीक्षानळीत तपासायचं आणि आकडा चौपट वाढला तरच टायफॉईड धरायचा. मामांच्या तीन रिपोर्टांत आकडा १:१६०, १:१६०, १:१६० असा होता. तो जराही हलला नाही. त्या कागदांनी खरं तर तीनदा ओरडून सांगितलं होतं की हा चालू टायफॉईड नाही, पण तिन्ही कागद शेजारी ठेवून कुणी बघितलेच नाहीत. मी पण नाही. मी तेव्हा पत्रकारितेत होतो, जिल्हा परिषदेच्या बजेटचे आकडे तपासत होतो.

आपल्याकडं तर परीक्षानळीही मागं पडली. काचेवर थेंब टाकायचा, रंगीत औषधाचा थेंब मिसळायचा, काच हलवायची आणि मिनिटभरात दाणे दिसतात का ते डोळ्यानं बघायचं. ही झटपट पद्धत चाळणीसाठी होती. आपण तिलाच निकाल करून टाकलं.

मग मामांना गोळ्यांनी बरं का वाटलं? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. उत्तर छातीच्या एका डॉक्टरांनी दिलं. टायफॉईड म्हणून ज्या गोळ्या दिल्या त्या ऑफ्लोक्सासिन गटातल्या होत्या. हा गट टीबीच्या जंतूवरही थोडं काम करतो, त्यातली काही औषधं हट्टी टीबीवर वापरतातही. दहा दिवस दिल्या की टीबी दबतो, मरत नाही. ताप उतरतो, रुग्ण खूश, डॉक्टर खूश आणि आत जंतू त्या औषधाला सरावतो. म्हणजे चुकीच्या टेस्टवर दिलेलं औषध 'लागू पडलं', आणि लागू पडलं म्हणून टेस्ट बरोबर ठरली. बहुतेक साधे ताप आठवडाभरात आपोआप उतरतात, तिथंही हाच हिशोब होतो. विडालचा दबदबा अर्धा तरी यावरच उभा आहे.

आपल्या ग्रामीण भागात टायफॉईड खरंच किती, हे महाराष्ट्रात मोजलं गेलंय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं २०१७ ते २०२० मध्ये देशात मोठी पाहणी झाली. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याचा ग्रामीण भाग. पुण्याचं काम केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राकडं होतं. हजारो मुलांवर घरोघर लक्ष ठेवलं आणि ताप लांबला की रक्ताचं कल्चर केलं. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघायचा, पावलं नाही, चोर. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्षाला दर लाख मुलांमागं टायफॉईड: शहरी ठिकाणी ५७६ ते ११७३, आणि पुण्याच्या ग्रामीण भागात ३५.

लाखाला पस्तीस. हा आकडा मी दोनदा वाचला. परभणी म्हणजे पुणे नव्हे, आपलं पाणी वेगळं, मान्य. कल्चरमधूनही बरेच रुग्ण सुटतात, त्यात निम्म्याच्या आसपास सापडतात, हेही मान्य. दुप्पट करा, पाचपट करा. तरी एका फाट्यावर एका पावसाळ्यात जितके टायफॉईड 'निघतात' त्याच्याशी याचा मेळ बसतो का, तुम्हीच बघा.

टायफॉईड खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो आहे आणि जीव घेतो. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉईडची नवी लस दिली. सरकारी यंत्रणेतून अशी मोहीम जगात पहिल्यांदा झाली, ती आपल्या राज्यात. पण रोग कुठं किती आहे हे खरं कळलं तरच लस कुठं द्यायची आणि पाईपलाईन कुठली बदलायची हे ठरतं.

आता फाईलमधला दुसरा कागद, टीबी निगेटिव्ह. याचा इतिहास छोटा आहे आणि त्याला शेवट आहे.

कल्पना तीच, रक्तातल्या अँटीबॉडी मोजायच्या. टीबीत ही कल्पना विडालपेक्षाही वाईट फसते, कारण आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या अंगात टीबीचा जंतू झोपलेला आहे. ते आजारी नाहीत, पण त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मामांसारख्या खऱ्या आजाऱ्याची निगेटिव्ह. तरी या टेस्ट भारतात जोरात चालायच्या. वर्षाला सुमारे १५ लाख, असा तेव्हाच्या संशोधकांचा अंदाज होता, खर्च दीड कोटी डॉलर. सरकारी टीबी कार्यक्रमानं त्या कधी वापरल्या नाहीत, हा सगळा खासगी बाजार होता. युरोप-अमेरिकेतल्या काही कंपन्या हे किट गरीब देशांत विकत होत्या. त्यांच्या स्वतःच्या देशांत त्यांना मान्यता नव्हती.

वेल्लोरमध्ये शिकलेले आणि कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठात असलेले मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे अभ्यास एकत्र करून बघितले. टेस्ट टेकू देऊनही उभी राहिना. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, टीबीसाठी या रक्ततपासण्या वापरू नका. टीबीच्या बाबतीत 'हे करू नका' असं संघटनेनं स्पष्ट सांगण्याची ती पहिलीच वेळ. आणि ७ जून २०१२ ला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली. आयात बंद, उत्पादन बंद, विक्री बंद, वापर बंद. त्याच्या महिनाभर आधी प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं होतं.

त्याच जानेवारीत मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉ. झरीर उदवाडियांच्या चमूनं कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण जगासमोर आणले होते. देशभर गदारोळ झाला होता. बंदीमागं तो धक्का किती होता सांगता येणार नाही, पण तेव्हाचं वातावरण मला आठवतं. आमच्या पेपरात ती बातमी पहिल्या पानावर होती आणि बंदीची बातमी आतल्या पानावर चार ओळींत. त्या चार ओळी मीच लावल्या होत्या. मामांचा कागद तेव्हा डोक्यात आला नाही, नंतर आला.

बंदी आली आणि टेस्ट गेली का? बरीचशी गेली. जागा मात्र रिकामी राहिली नाही. तिथं 'टीबी गोल्ड' आली. ही टेस्ट खरी आहे, पण अंगात जंतू झोपलेला असू शकतो एवढंच ती सांगते, माणूस आज आजारी आहे की नाही ते सांगत नाही. आपल्याकडं तिच्यावरून 'टीबी निघाला' म्हणून औषधं सुरू केल्याची उदाहरणं मला दोन माहीत आहेत. याउलट, जंतूच शोधणारी चांगली टेस्ट सरकारी दवाखान्यांच्या टीबी विभागातून फुकट होते. त्यातली ट्रूनॅट तर गोव्यात तयार होते, बॅटरीवर चालते, आणि २०२० मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. बेडका द्यायला लाजू नका एवढंच.

मग विडालवर बंदी का नाही? इथं मला थोडं थांबावं लागतं, कारण सरळ उत्तर नाही. विडाल पूर्ण खोटी नाही. दोनदा केली, नीट केली, इतर लक्षणं बघून केली, तर तिला अजून थोडी किंमत आहे. बंदी घालायला लागतं तितकं ठाम 'निरुपयोगी' तिच्याबद्दल कुणी म्हणत नाही. बाजारात टायफॉईडच्या ज्या नव्या झटपट पट्ट्या आल्यात त्याही फार उजव्या नाहीत, २०१७ च्या मोठ्या आढाव्यात त्यांची अचूकता मध्यमच निघाली. आणि कल्चर? ते अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जायच्या आधी व्हावं लागतं. आपण तर मेडिकलवरून दोन गोळ्या खाऊनच डॉक्टरकडं जातो.

आमच्या भागातले एक डॉक्टर माझ्यासमोर मोकळेपणानं बोलले. ते म्हणाले, "दादा, कल्चर करा म्हणलं तर नमुना परभणीला नाहीतर संभाजीनगरला पाठवावा लागतो. रिपोर्टला तीन-चार दिवस, आणि खर्च विडालच्या कितीतरी पट. तोवर पेशंट दुसऱ्याकडं जातो. दहा दिवसांनी परत रक्त द्यायला तर कुणीच येत नाही. आणि मी जर म्हणलं की हा साधा ताप आहे, दोन दिवस बघू, तर लोक म्हणतात डॉक्टरला काही कळत नाही, साधं रक्तसुद्धा तपासलं नाही." त्यांचं खोटं म्हणता येत नाही. कमिशन हाही एक भाग आहे, तो ते बोलले नाहीत. २०१७ मध्ये राज्य सरकारनं कट प्रॅक्टिस रोखायला कायद्याचा मसुदा तयार केला होता, माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित समितीवर होते. तो मसुदा कायदा झाला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. घरातला एखादा रिपोर्ट काढा आणि सही कुणाची आहे बघा.

नुकसान फक्त पैशाचं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसनं माणसं गेली. या तापाचं औषध वेगळं आहे, स्वस्त आहे, पण वेळेत सुरू व्हावं लागतं. अशा तापाला विडालच्या कागदावरून टायफॉईड ठरवलं तर ती वेळ निघून जाते. दुसरं, सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून असा टायफॉईड पसरला की आपल्याकडं आज सर्रास टोचतात ते सेफ्ट्रियाक्झोनही त्याला चालत नाही. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आलं तेव्हा टायफॉईड संपल्यात जमा वाटला होता. चाळीस-पन्नास वर्षांत ते औषध बोथट झालं, मग सिप्रोफ्लोक्सासिन झालं. नसलेल्या टायफॉईडवर आपण जी इंजेक्शनं संपवतोय ती उद्या असलेल्या टायफॉईडला लागणार आहेत.

त्या ताईंना मी फाट्यावर काही बोललो नाही, ते इथं लिहितो. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त असेल, लेकरू सुस्त असेल, तर डॉक्टरकडं जाच, टेस्टला घाबरून घरी बसू नका. पण विचारा: विडाल कितव्या दिवशी करताय? मलेरिया, डेंग्यू बघितला का? कल्चर करता येईल का, आणि ते अँटिबायोटिकच्या आधी होईल का? खोकला दोन आठवड्यांचा असेल तर रक्त नाही, बेडका तपासा. सगळे डॉक्टर चिडत नाहीत. मी विचारतो आता, एकदाच ओरडा खाल्लाय.

आणखी एक काम आहे. तुमच्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांतले विडालचे रिपोर्ट असतील तर त्यांचे फोटो मला मेसेजवर पाठवा. रुग्णाचं आणि लॅबचं नाव झाकून. तापाचा कितवा दिवस होता, पुन्हा टेस्ट झाली का, कल्चर झालं का, एवढं सोबत लिहा. सेलू, जिंतूर, मंठा, कुठलेही चालतील. मी मोजतोय. सध्या माझ्याकडं तीनच आहेत, तिन्ही मामांचे.